भावाच्या जिमच्या बॅगेत इंजेक्शनची बाटली सापडली, काय करू?

(ताईंनी लिहिलंय: भाऊ १९ वर्षांचा, बॅगेत मेफेंटरमाइनची बाटली आणि सिरिंज सापडल्या. तो म्हणतो, 'पॉवरचं आहे, सगळेच मारतात.')

ताई, कोल्हापुरात माझं औषधाचं दुकान आहे, आणि त्याआधी सात-आठ वर्षं तालमीत लाल माती अंगाला लावलीय. त्यामुळे दोन्हीकडून बोलतो.

हे प्रोटीन नाही, स्टेरॉइडही नाही. पाठीत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी घसरलं तर भूलतज्ज्ञ हे औषध शिरेतून देतात, एका वेळी साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम, तेही मॉनिटरवर नजर ठेवून. बाटली १० मिलीची, आणि एका मिलीत ३० मिलिग्रॅम. पोरं जिमच्या बाथरूममध्ये अख्खा मिली ओढतात. हिशोब तुम्हीच करा.

यानं स्नायू वाढत नाहीत. अँफेटामाइन या उत्तेजक औषधाच्या कुळातलं हे औषध शरीरात साठलेलं नॉरअॅड्रेनालिन, म्हणजे अंगाला चेव आणणारं रसायन, एकदम बाहेर काढतं. छाती धडधडते, बीपी चढतं, दम लागल्याचं कळतच नाही. आमचे वस्ताद पोराच्या डोळ्यांवरून ओळखायचे आणि 'बस खाली' म्हणायचे. इंजेक्शन मारलेल्या पोराला बस म्हणायला आतलं कुणी उरत नाही. शिवाय तो साठा रिकामा होत जातो, म्हणून कालचा डोस आज पुरत नाही. सवय लागते ती अशी.

तालमीतल्या माझ्या जोडीदाराचं हे असंच डोळ्यांदेखत झालं. आधी झोप उडाली, रात्री तीन वाजता रंकाळ्याला फेऱ्या मारायचा. मग घरचे आपल्याविरुद्ध कट करतात असं म्हणायला लागला. आम्हाला वाटलं डोकं फिरलं. बाहेरचं बघून झालं, अंगारे-धुपारे झाले, आणि या सगळ्यात चार महिने गेले. इंजेक्शनचं कुणालाच माहीत नव्हतं. आणि बाटली चिठ्ठीशिवाय दिली होती आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी, हे लिहायला लाज वाटते.

आता तुमचं. बाटली त्याच्यासमोर फेकून तमाशा करू नका, दुसरी आणायला त्याला तासही लागणार नाही. वडिलांच्या कानावर घाला, पण मार नको. सुई मित्रांत फिरली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या करा. छातीत दुखलं, चक्कर आली तर थेट इमर्जन्सीत न्या आणि तिथं औषधाचं नाव लपवू नका. बंद केल्यावर काही दिवस तो मेल्यासारखा झोपेल, चिडेल, रडेलही. तेव्हा त्याला एकटा सोडू नका. मनात मरायचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टर. झोपेच्या गोळ्या मनानं देऊ नका.

मनोविकारतज्ज्ञाकडे न्याच. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही दाखवता येईल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी फोन नंबर फुकट आहे, आधी तुम्ही एकट्यानं बोललात तरी चालतं.

जाण्याआधी त्याला शांतपणे एवढंच विचारा, सुरुवातीला दिवसाला किती मिली लागायचं आणि आता किती लागतं. दोन्ही आकडे कागदावर लिहून न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.