नागपुरात मन लागत नाही म्हणतोस?

भाऊ, कूलरसमोर खोलीत बसून कसं लागेल? सकाळी तर्री-पोह्याचा एकच ठेला धर, तिथंच ओळखी होतात. फुटाळा तलाव एकट्यानं पाहून काही होत नाही, माझं तरी झालं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या पोरांसोबत मारबतीच्या, म्हणजे वाईटाचे पुतळे जाळायला नेतात त्या मिरवणुकीत घुस. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं गळा फाडून ओरडलेला माणूस पाहुणा राहत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. 1956ची धम्मदीक्षा इथलीच. अन्नदानाच्या मांडवात वाढायला उभा राहा, कुणी गाव-जात विचारणार नाही. आणि शेजारच्या काकूंनी जेवायला बोलावलं, तर तिखटाला घाबरून टाळू नको.