जुन्या बुलेटला नवे भोक न पाडता बॅगा कशा बसवाव्यात?

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि देखभाल

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९७३ सालची बुलेट ३५० आहे. गाडी चालू स्थितीत असून तिचा रंगही बराचसा मूळचाच आहे. हिवाळ्यात पत्नीसह चोपड्याहून शिरपूर, शहादामार्गे तोरणमाळला जाऊन दोन दिवस राहण्याचा विचार आहे. सामानासाठी दोन्ही बाजूंना बॅगा लावायच्या आहेत. येथील वेल्डर म्हणतात की चासीला दोन ठिकाणी वेल्डिंग करून आणि मागच्या मडगार्डला भोके पाडून अँगलची चौकट बसवून देऊ. माझे मन धजत नाही. दुसरा उपाय आहे का? बॅगा चामड्याच्या घ्याव्यात की कॅनव्हासच्या?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : आपले मन धजत नाही हे योग्यच आहे. वेल्डिंगचा विचार आपण आजच सोडून द्यावा. जुन्या गाडीच्या बाबतीत मी एकच कसोटी लावतो : चौकट आणि बॅगा अर्ध्या तासात उतरवता आल्या पाहिजेत आणि उतरवल्यावर गाडीवर त्यांची खूणही राहता कामा नये. चासीच्या नळीवर वेल्डिंग केले की जोडाच्या आजूबाजूचे लोखंड तापून त्याचा गुण बदलतो, आणि पुढे तडा जातो तो बहुधा त्या जोडाच्या कडेलाच. मडगार्डला पाडलेल्या भोकात पाणी आणि चिखल शिरून गंज धरतो, आणि एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर त्या भोकाच्या काठापासून पत्रा हळूहळू चिरत नेते. पन्नास वर्षे टिकलेला पत्रा आपल्या हाताने असा अधू करणे मला पटत नाही.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. त्याशिवाय २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले, खासगी वापराचे आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन त्यासाठी पात्र ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. आपली गाडी वयाने या नोंदणीला पात्र आहे आणि चासीवरचे वेल्डिंग तिच्या आड येऊ शकते. मात्र अशी नोंदणी घेतलेले वाहन प्रदर्शन, जुन्या वाहनांची फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणून सहकुटुंब तोरणमाळला जायचे असेल, तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागणारी साधी नोंदणीच चालू ठेवावी आणि व्हिंटेज नोंदणीचा मार्ग पुढच्या पिढीसाठी मोकळा ठेवावा.

आता चौकटीविषयी. आपल्याकडे तालुक्याच्या गावातील कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात दूधवाल्यांच्या गाड्यांसाठी कॅन अडकवायची चौकट तयार होते, आणि बॅगांसाठी काही करून द्या म्हटले की कारागिराचा हात सवयीने त्याच मापावर आणि त्याच अँगलवर जातो. भरलेल्या कॅनसाठी ती चौकट उत्तम आहे; पण तिचे स्वतःचे वजनच इतके असते की पुढे सांगितलेली वजनाची निम्मी मर्यादा तेथेच संपते. आपल्याला कपडे आणि थोडे सामान न्यायचे आहे. त्यासाठी १० मिलिमीटर जाडीच्या गोल सळईचे, प्रत्येक बाजूला एक, असे दोन बंद कडे पुरतात. ते मागच्या बाजूने, मडगार्डला न टेकता, एका आडव्या सळईने एकमेकांना जोडावेत, म्हणजे एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूने पेलला जातो. वेल्डिंग या सुट्या चौकटीतच करावे. ते गाडीपासून दूर नेऊन करावे आणि माप घेण्यासाठीच चौकट गाडीला लावून पाहावी.

ही चौकट गाडीवर मुळातच असलेल्या बोल्टांवर धरायची आहे. वरचा आधार मागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या वरच्या टोकाशी मिळतो. तेथील नट काढून चौकटीची पट्टी घातली की पट्टीच्या जाडीइतके आटे कमी पडतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नट पूर्ण आवळल्यावर त्याच्या बाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. टोपीचा, म्हणजे एका तोंडाने बंद असलेला, नट असेल तर तो काढून साधा नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहसा सैल न होणारा) लावून हे तपासावे. आटे दिसत नसतील तर पट्टी पातळ करावी, पण अर्ध्या आट्यांवर शॉकअॅब्सॉर्बर ठेवू नये. खालचा आधार ज्या बोल्टावर घ्याल तो चासीवरचा असावा, स्विंग आर्मवरचा नसावा. स्विंग आर्म म्हणजे मागचे चाक धरणारा दांडा, तो चाकाबरोबर वरखाली होतो. चौकटीचे वरचे टोक स्थिर आणि खालचे हलते राहिले, तर पहिल्या पन्नास किलोमीटरांतच एकतर चौकट तुटेल किंवा बोल्ट वाकेल. मागच्या दिव्याची वायर मडगार्डजवळून जाते, ती पट्टीखाली चेपत नाही ना, हेही पाहावे.

आपल्या बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे आहे आणि चेन डावीकडे, त्यामुळे दोन्ही बाजूंची काळजी वेगवेगळी आहे. उजव्या बॅगेचा तळ सायलेन्सरपासून निदान ८ सेंटिमीटर वर राहावा आणि मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा बसवावा. हा पत्रा बॅगेला चिकटवू नये. पत्रा आणि बॅग यांच्यामध्ये हवा खेळली तरच त्याचा उपयोग होतो. किक मारताना पाय बॅगेला लागत नाही ना आणि बाजूच्या डब्याचे झाकण उघडते ना, हे बॅग भरून पाहावे, कारण रिकामी बॅग अंग चोरून बसते आणि भरली की फुगते.

डावीकडची चूक मी स्वतः केली आहे. बरीच वर्षे झाली. यावल सोडून मी चोपड्याकडे येत होतो आणि डाव्या बॅगेच्या पट्ट्याचे शेपूट, जेमतेम वीतभर, बक्कलाबाहेर लोंबत राहिले होते. ते चेनमध्ये गेले. गाडीला एक हिसका बसला, बॅग खाली ओढली गेली आणि बक्कल रिव्हेटसकट उपटून निघाले. वेग कमी होता म्हणून मी उभा राहिलो. दातेरी चक्राभोवती पट्ट्याचे तीन वेढे बसले होते आणि ते कापून काढायला तासभर लागला. तोच पट्टा आऱ्यांमध्ये अडकला असता तर मागचे चाक जागीच जाम झाले असते. तेव्हापासून मी प्रत्येक पट्ट्याचे उरलेले टोक दुमडून शिवून घेतो, आणि सळईचे पूर्ण कडे आतून असल्याशिवाय बॅग चाकाच्या बाजूला लटकवत नाही. सीटवरून नुसत्या टाकायच्या बॅगा मी याच कारणासाठी सुचवत नाही.

चौकट बसवल्यावर एक चाचणी अवश्य करावी. टायरच्या कडेला, अॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटाला आणि सायलेन्सरच्या वरच्या अंगाला ओला खडू फासावा, बॅगा भरून बांधाव्यात, दोन भारदस्त माणसांना सीटवर बसवून गाडी जोराने दाबायला सांगावी. मग बॅगा उतरवून त्यांची आतली बाजू पाहावी. कोठेही पांढरा डाग दिसला तर खड्ड्यात तेथे बॅग घासणार, हे नक्की समजावे.

डावीकडचा साडी गार्ड काढून टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणी तरी देईल. तो मानू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे साधन आवश्यक आहे, आणि आपल्या पत्नी मागे बसणार आहेत. चौकट साडी गार्डच्या बाहेरून घ्यावी. ती बाजू दोन बोटे रुंद होईल, तेवढे चालेल.

वजन दोन्ही बाजूंना मिळून, चौकटीसह, १५ किलोच्या आत ठेवावे, असे माझे मत आहे. दोन्ही बॅगा काट्यावर तोलून भराव्यात, जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला ठेवाव्यात. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, हे आपल्याकडे सांगायला नको. मोटारसायकलचेही तसेच आहे. अॅक्सलच्या मागे लटकलेला भार पुढचे चाक हलके करतो, हँडल वेगात लहरू लागते आणि वळणावर गाडी सांगितलेली वाट धरत नाही. मागच्या टायरमध्ये हवा पुस्तिकेत दोन माणसांसाठी दिलेल्या मापाने भरावी. पहिल्या दिवशी शिरपूरला चहाला थांबाल तेव्हा सगळे नट पान्याने एकदा आवळावेत; नवी चौकट पहिल्याच टप्प्यात बसकण घेते. तोरणमाळचा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे, कारण ड्रम ब्रेक भाराखाली सतत दाबून ठेवले की तापून ढिले पडतात.

चामडे की कॅनव्हास, याचे उत्तर आपण गाडी कोठे उभी करता यावर आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात राहिलेले चामडे लाकडासारखे कडक होते आणि पट्ट्याच्या भोकांपाशी फाटते. रेक्झिनला तर तेवढा धीरही नसतो. जाड कॅनव्हासची बॅग, आत सामानासाठी प्लास्टिकची वेगळी पिशवी आणि बाहेरून चामड्याचे पट्टे, ही जोडणी मला सर्वांत विश्वासाची वाटते. पट्ट्यांसाठी दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत जावे. तापीकाठच्या त्या घोडेबाजारात खोगीर, लगाम आणि तंग विकणारे येतात. घोड्याच्या पोटाखालून आवळायचा तंग ओढ आणि घाम दोन्ही सोसण्यासाठीच घडवलेला असतो, आणि त्याचे बक्कल दुकानातील शोभेच्या बक्कलापेक्षा कितीतरी भक्कम असते. वर्षातून दोनदा एरंडेलाचा हात फिरवला की असा पट्टा अनेक वर्षे मऊ राहतो.

प्रश्न : माझ्या येझदीला दोन्ही बाजूंना सायलेन्सर आहेत. बॅगा लावता येतील का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : लावता येतील, पण खाली लोंबणाऱ्या उंच बॅगा नकोत. एकच सिलिंडर असूनही येझदीला दोन सायलेन्सर आहेत आणि ते मागपर्यंत जातात, त्यामुळे उष्णतेपासून सुटका कोणत्याच बाजूला नाही. उंचीला कमी आणि लांबीला थोड्या जास्त अशा बॅगा घ्याव्यात, दोन्हीकडे पत्रा लावावा आणि वर सांगितलेली खडूची चाचणी दोन्ही बाजूंनी करावी. आपल्या गाडीची चेन पूर्ण झाकलेली असल्यामुळे पट्टा तिच्यात जाण्याचे भय नाही. आऱ्यांचे मात्र आहे. किक आणि गिअर यांचा दांडा एकच असून तो डावीकडे आहे, म्हणून डावी बॅग पुढे सरकू देऊ नये. टू-स्ट्रोक इंजिनाच्या धुराबरोबर तेलाचे थेंबही बाहेर येतात. बॅगेचा मागचा कोपरा सायलेन्सरच्या तोंडापुढे आला तर तो महिन्याभरात काळा पडेल.

प्रश्न : बॅगांऐवजी सीटमागे फायबरची एकच पेटी बसवली तर चालेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : २०२० साली नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मोटारसायकलवरील हलक्या पेटीची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० मिलिमीटर आणि उंची ५०० मिलिमीटर यांपेक्षा अधिक असू नये. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर बसवली तर गाडीवर चालकाशिवाय कोणी बसू शकत नाही. त्या जागेच्या मागे बसवली तर एकूण वजनाची मर्यादा पाळून दुसरी व्यक्ती बसू शकते. जुन्या गाडीवर मात्र मी पेटी सुचवणार नाही, कारण तिचा सारा भार अॅक्सलच्या मागे आणि उंचावर येतो आणि तो बहुतेक वेळा मडगार्डच्या पत्र्यालाच पेलावा लागतो.