व्यावसायिक बेसबॉल पिचरची कारकीर्द किती वर्षे टिकते आणि मुलाची तयारी कोणत्या वयापासून सुरू करावी?

अकरा वर्षांच्या मुलाला वर्षाचे बाराही महिने पिचिंग (फलंदाजाकडे चेंडू फेकणे) करायला लावणे चुकीचे आहे, मग त्याचा हात कितीही वेगवान असो. आपण हे विचारलेले नाही, याची मला कल्पना आहे. परंतु डॅलसमधल्या आपल्या मुलाचे प्रशिक्षक ‘व्यावसायिक पिचर व्हायचे असेल तर हिवाळ्यातही थांबता कामा नये’ असे म्हणतात, हे आपण जाता जाता लिहिले आहे, आणि त्या एका वाक्यामुळेच मी हे उत्तर लिहायला बसले आहे.

वयाचा प्रश्न आधी घेते. जेकब डीग्रॉम फ्लोरिडातल्या स्टेट्सन विद्यापीठात शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, म्हणून खेळत असे. त्याला पिचर करण्यात आले ते तिथल्या तिसऱ्या वर्षी. न्यूयॉर्क मेट्स या संघाने २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला नवव्या फेरीत घेतले, २०१४ मध्ये तो सर्वोच्च पातळीच्या मेजर लीगमध्ये उतरला, त्या मोसमात तिच्यातल्या दोन गटांपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला आणि २०१८ व २०१९ असा लागोपाठ दोनदा त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. ट्रेव्हर हॉफमन तर त्याखालच्या मायनर लीगमध्ये शॉर्टस्टॉप म्हणून खेळून झाल्यावर पिचर झाला, आणि ६०१ सेव्हची (शेवटी येऊन संघाची आघाडी राखण्याची) कामगिरी करून थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. अकराव्या वर्षी एक हिवाळा विश्रांती घेतली म्हणून कोणाची संधी हुकत नाही.

आता मी इतक्या ठामपणे का बोलते, ते सांगते. आमचा मुलगा बारा वर्षांचा असताना न्यू जर्सीतल्या एका ट्रॅव्हल संघात, म्हणजे गावोगावच्या स्पर्धा खेळणाऱ्या संघात, होता. जूनमधल्या एका शनिवारी स्पर्धेचे दोन सामने होते आणि सकाळच्या सामन्यात तोच पिचर होता. मी सामन्याला क्लिकर घेऊन बसते आणि प्रत्येक चेंडूला तो एकदा दाबते. त्या सकाळी आकडा सत्तरच्या पुढे गेला होता, आणि पिचिंग संपल्यावर उरलेल्या सामन्यात त्याला कॅचर म्हणून, म्हणजे यष्टीरक्षकासारखा चेंडू झेलून पिचरकडे परत फेकायला, बसवले होते. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली ‘पिच स्मार्ट’ नावाची जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनुसार अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवशी ८५ हून अधिक चेंडू टाकू नयेत, आणि ६६ किंवा त्याहून अधिक टाकले असतील तर पुढचे चार दिवस पिचिंग करू नये. हे प्रशिक्षकांना माहीत नव्हते, असे मुळीच नाही. त्या स्पर्धेत चेंडूंऐवजी इनिंग्ज (सामन्यातले छोटे डाव) मोजल्या जात होत्या, आणि त्या हिशेबाने त्याच्या नावावर अजून दोन इनिंग्ज शिल्लक होत्या.

दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत तो झाडाखाली बसून डबा खात होता. पोळीचा रोल त्याने डाव्या हातात धरला होता. मुलगा उजवा आहे. पाण्याची बाटलीही त्याने दोन गुडघ्यांत दाबून डाव्या हाताने उघडली. दुखते आहे का, असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणाला, आणि कोपराच्या आतल्या बाजूला हाड जिथे वर येते तिथे अंगठ्याने दाबत राहिला. मी तशीच उठून प्रशिक्षकांकडे गेले आणि तो दुपारी पिचिंग करणार नाही, असे सांगितले. त्यावर त्यांनी उत्तर दिले की, समोरच्या संघाचा मुलगाही आज दुसऱ्यांदा पिचिंग करतो आहे, आणि तुम्ही मुलालाच विचारून पाहा. संघातले सगळे मित्र बघत असताना बारा वर्षांच्या मुलाला विचारले, तर तो दुसरे काय सांगणार?

माझे दीर त्या दिवसांत आमच्याकडे आलेले होते. ते पुण्यात कॉलेजच्या संघाकडून जलदगती गोलंदाजी केलेले आणि बेसबॉलबद्दलही बरेच वाचलेले गृहस्थ आहेत. सगळ्यांदेखत ते म्हणाले, “वहिनी, हात वापरल्यानंच मजबूत होतो. आणि झालंच काही, तर कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन आहे की! तो माणूस त्यानंतर चौदा मोसम खेळला. तुम्ही पोराला घाबरट करताय.” मी म्हणाले, “भावजी, तो आज खेळणार नाही,” आणि त्याची बॅग उचलून गाडीत ठेवली. संघ हरला. काही पालकांनी आमच्याशी बोलणे सोडले, आणि पुढच्या मोसमात त्याला त्या संघात जागा मिळाली नाही. लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावून दाखवले, तेव्हा उजव्या कोपरातली आतल्या बाजूची ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढते तो मऊ भाग) रुंदावलेली मलाही दिसली. त्या दुपारी तो आणखी दोन इनिंग्ज खेळला असता, तर हाडाचा तुकडा सुटण्याची भीती होती, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

भावजींचे ते वाक्य मी नंतर अनेक पालकांच्या तोंडून ऐकले आहे, म्हणून टॉमी जॉनची कारकीर्द नीट पाहायला हवी. हा डावखुरा पिचर १९६३ साली क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये आला. १७ जुलै १९७४ रोजी, लॉस एंजेलिस डॉजर्सकडून मॉन्ट्रियलविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या कोपरातले लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा, फाटले. त्या मोसमात तोवर त्याचे १३ विजय आणि अवघे ३ पराभव होते. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून डाव्या कोपरात बसवली. अशी शस्त्रक्रिया कोणत्याही पिचरवर आधी झालेली नव्हती, आणि तो पुन्हा खेळेल ही शक्यता जोब यांच्या अंदाजाने शंभरात एक होती. १९७५ चा संपूर्ण मोसम वाया गेला. १९७६ मध्ये तो परतला, त्यानंतर तीनदा एका मोसमात २० किंवा अधिक विजय मिळवले, आणि १९८९ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी थांबला तेव्हा त्याच्या नावावर २८८ विजय होते, त्यांतले १६४ शस्त्रक्रियेनंतरचे.

हे सगळे खरे आहे, आणि त्या माणसाबद्दल मला अतिशय आदर आहे. परंतु लिगामेंट फाटले तेव्हा तो ३१ वर्षांचा होता, आणि त्याचा मुख्य चेंडू वेगाचा नसून खाली बसणारा, फलंदाजाला जमिनीलगत मारायला लावणारा होता. वाढत्या वयाच्या मुलाच्या कोपरात लिगामेंटपेक्षा ग्रोथ प्लेट अधिक कमकुवत असते, म्हणून ताण आला की आधी तीच दुखावते. त्या दुखापतीवर टॉमी जॉन शस्त्रक्रिया हा उपायच नव्हे. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्याचे नाव घेणे म्हणजे विषय न समजता दिलेला दिलासा आहे.

कारकिर्दीच्या लांबीला ठरावीक आकडा नाही. ड्राफ्टच्या सध्या २० फेऱ्या असतात, निवड झालेल्यांपैकी बरेच जण मायनर लीगमध्येच थांबतात, आणि २०२३ च्या करारानुसार सर्वांत वरच्या ट्रिपल-ए पातळीवरसुद्धा वर्षाचे किमान वेतन ३५,८०० डॉलर ठरले होते. मेजर लीगमध्ये पोहोचल्यावरही स्वतःच्या मर्जीने संघ निवडण्यासाठी सहा वर्षांची सेवा पूर्ण व्हावी लागते. एवढे सगळे साधलेल्या स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरचे उदाहरण बघा. २००९ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, २०१० च्या पदार्पणात १४ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया, २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू, आणि लगेच सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार. त्या करारानंतर तो फक्त आठ सामने खेळू शकला. पैसा त्याला मिळाला, पण तिशी ओलांडता ओलांडता त्याचे पिचिंग संपले. आपल्याकडचे लोक ज्याचे नाव हमखास घेतात, तो उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू रिंकू सिंह २००८ च्या पिचर शोधण्याच्या स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्स या संघाकडे गेला, मायनर लीगमधल्या क्लास-ए पातळीपर्यंत पोहोचला, आणि तोही अखेर कोपरामुळेच थांबला.

याचे कारण लपलेले नाही. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरच्या दुखापतींवर जो अहवाल दिला, त्यात वेगामागे धावणे आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकणे यांकडे बोट दाखवले आहे. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये तो ९४.२ झाला. हीच स्पर्धा आता शाळकरी मुलांपर्यंत आली आहे, आणि वेग मोजणारी रडार गन घेऊन उभे राहणारे प्रशिक्षक तिला खतपाणी घालत आहेत. हात वापरल्याने मजबूत होतो, हे भावजींचे म्हणणे विश्रांतीच्या अटीवरच खरे आहे, आणि ती अट त्यांनी तेव्हाही सांगितली नाही, आजही सांगत नाहीत. आमचा मुलगा आता हायस्कूलच्या संघात पिचिंग करतो, थंडीत बास्केटबॉल खेळतो, आणि त्याचे कोपर दुखत नाही. मागच्या दिवाळीला भावजींना मी हेच ऐकवले.

मी डॉक्टर नाही, आणि सगळी शरीरे सारखी नसतात, हेही नमूद करायला हवे. नोलन रायन २७ मोसम खेळला, ५,७१४ फलंदाज स्ट्राइकआउट केले, आणि त्याच्या कोपरातले लिगामेंट फाटले ते १९९३ मध्ये, ४६ व्या वर्षी, शेवटच्या सामन्यात. चेंडूंची काटेकोर नोंद ठेवणारे प्रशिक्षकही आहेत. आपले कदाचित तसेच असतील. तरीही त्यांना लेखी विचारा की, दिवसाला जास्तीत जास्त किती चेंडू, त्यानंतर किती दिवस विश्रांती, त्याच सामन्यात कॅचर करणार का, आणि वर्षातले कोणते चार महिने पिचिंग बंद राहील. ‘पिच स्मार्ट’मध्ये या चारही गोष्टींची उत्तरे दिलेली आहेत, त्यामुळे ती देताना टाळाटाळ झाली तर दुसरा संघ शोधा. आणि मुलगा कोपराच्या आतल्या बाजूला दुखते म्हणाला, तर बर्फ लावून दुसऱ्या दिवशी मैदानावर पाठवू नका. लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढण्याबद्दल विचारा.