‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ जमत नाही म्हणून सायन्स सोडायचं का?

पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला. मूल दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं, मार्क चांगले, म्हणून पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, सायन्स किंवा कॉमर्स घेतलेलं. आता सगळंच इंग्रजीत. पहिल्या टेस्टचे पेपर घरी आले की झोप उडते. खानापूरचे असोत, निपाणीचे असोत नाहीतर बेळगावातले, काळजी एकच: हिला झेपेल का?

जांबोटीच्या बाजूच्या एका गावातून आलेल्या मायलेकींची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. आईनं बसल्याबसल्याच सांगितलं, "मॅडम, हिला डायरेक्ट-इनडायरेक्ट काय केल्या जमत नाही बघा. ट्यूशन लावून झाली. सर म्हणाले, हिचं इंग्रजीचं काय खरं नाही. आर्ट्सला घालू काय?" डायरेक्ट-इनडायरेक्ट म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्यानं आपल्या वाक्यात सांगायचं इंग्रजी व्याकरण. मुलगी माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत होती.

मी विचारलं, "सर नेमकं काय म्हणाले? त्यांचे शब्द आठवतात का?"

आई जरा अडखळली. मग म्हणाली, "हिला लिहायचा सराव कमी आहे, वही दाखवत जा म्हणावं, म्हणाले."

मुलगी पटकन वळली. "तू मला तसं नाही सांगितलंस."

माझ्या कामात हे रोज दिसतं. शाळेतला निरोप घरी पोचेपर्यंत त्यात आणणाऱ्याची भीती मिसळलेली असते, आणि मूल त्या भीतीलाच सरांचं मत समजून बसतं. म्हणून ‘ते असं म्हणाले’ ऐकलं की मी आधी मूळ वाक्य मागते. त्या दिवशी अर्धं ओझं तिथंच उतरलं. उरलेलं अर्धं वहीत होतं.

वही बघितली. मुलगी मठ्ठ नव्हतीच. गाईडमधला टेन्सचा तक्ता तिला तोंडपाठ: इज, ॲमचं वॉज, विलचं वुड, कॅनचं कुड, टुमॉरोचं द नेक्स्ट डे. न थांबता म्हणून दाखवला. आणि त्याच वहीत लिहिलं होतं, ‘रवी सेड दॅट आय वॉज टायर्ड.’ दॅट बरोबर, वॉज बरोबर, फक्त दमला रवी आणि वाक्यात दमली ही. पानभर असंच. सरांनी ‘आय’ला तांबडा गोल केलेला, पण तो का केला हे तिला कळलं नव्हतं. टेन्स तर बदलला होता!

तक्त्यात या चुकीचं उत्तर नाही. ते आपल्या बोलण्यात आहे. मी तिला विचारलं, "बाबा उशिरा येणार असले की घरी काय सांगतात?" तिचे बाबा उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहेत. ती म्हणाली, "फोन करतात. मी सेकंड शिफ्टला थांबूलोय, जेवून घ्या म्हणून."

"मग तू आज्जीला काय सांगतेस?"

"बाबा मी सेकंड शिफ्टला थांबूलोय, जेवून घ्या म्हणाले."

"आज्जीला वाटतं का, तू थांबणार आहेस?"

ती हसली. मराठीत आपण बोलणाऱ्याचं वाक्य उचलतो, जसंच्या तसं पुढं ठेवतो आणि शेवटी ‘म्हणाले’ किंवा ‘म्हणून सांगितलं’ जोडतो. ‘मी’ हा बाबांचाच राहतो, काळही बदलत नाही. कन्नडमध्येही ‘अंत हेळिदरु’ जोडलं की काम होतं. बेळगावच्या मुलांना दोन भाषा येतात आणि दोन्ही याच वळणाच्या. इंग्रजीत मात्र निरोप सांगणारा स्वतःच्या जागेवर उभा राहून बोलतो. बाबा आता समोर नाहीत, म्हणून ते ‘ही’. बोलणं होऊन गेलं, म्हणून ‘वॉज’. हे एकदा ध्यानात आलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

मग तिनंच वाक्य केलं: ‘बाबा टोल्ड अस दॅट ही वॉज स्टेइंग बॅक फॉर द सेकंड शिफ्ट अँड आस्क्ड अस टू हॅव अवर डिनर.’ ‘जेवून घ्या’ ही सूचना, तिथं दॅट चालत नाही, ‘टू’ लागतो. एवढं मी सांगितलं. ‘युअर’चं ‘अवर’ तिनं आपणहून केलं. जेवणारे आम्हीच ना, म्हणाली.

घरचा अभ्यास म्हणून गाईड बंद करायला लावलं. दिवसभरात घरात जे निरोप येतील-जातील त्यातले काही वहीत उतरवायचे: कोण बोललं, कुणाला, आणि आता सांगतंय कोण. या तीन गोष्टी समासात लिहायच्या, मग वाक्य. आईला म्हटलं, "तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी समास तपासता येईल." ट्यूशनपेक्षा हे मला जास्त उपयोगाचं वाटतं, कारण चूक समासातच सापडते.

टेन्स प्रत्येक वेळी मागं ओढायचा नसतो, हेही मुलांना कुणीतरी सांगायला हवं. ‘बाबा सेज ही इज टायर्ड’ यात सांगणं आत्ताचं आहे, तिथं काहीच बदलत नाही. सरांनी वर्गात मलप्रभा कणकुंबीला उगम पावते म्हणून सांगितलं, तर ‘सर सेड दॅट द मलप्रभा राइजेस ॲट कणकुंबी’ हे बरोबरच. नदी आजही तिथंच उगम पावते, ‘राइजेस’चं ‘रोज’ करायची गरज नाही. ‘टुमॉरो’चंही तसंच. निरोप त्याच दिवशी सांगत असाल तर टुमॉरो हा टुमॉरोच. पेपरात मात्र कधी सांगितलं हे दिलेलं नसतं, म्हणून तिथं ‘द नेक्स्ट डे’ लिहून मोकळं व्हावं.

राहिला आईचा प्रश्न, आर्ट्सला घालू काय? मुलीला इतिहासाची, समाजशास्त्राची ओढ असेल तर खुशाल घाला. आर्ट्स ही काही शिक्षा नाही. पण इंग्रजी चुकवायला म्हणून जाऊ नका, कारण पीयूसीच्या तिन्ही शाखांना इंग्रजी आहेच आणि संवाद देऊन ‘रिपोर्ट करा’ हा प्रश्न तिकडेही भेटतो. शिवाय २०२४ पासून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा त्याच वर्षात पुन्हा देता येते आणि जे मार्क जास्त तेच धरले जातात. एका पेपरावर वर्ष बुडत नाही. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

पुढच्या भेटीला वही भरलेली होती. ‘आय’ आणि ‘ही’चा घोळ जवळजवळ गेला होता. प्रश्नार्थक वाक्यं अजून अडतात. आज्जीनं ‘कुठं होतीस?’ विचारलं, त्याचं तिनं ‘शी आस्क्ड मी व्हेअर वॉज आय’ केलं. निरोपात प्रश्नाचं साधं वाक्य होतं, ‘व्हेअर आय हॅड बीन’, प्रश्नचिन्हही जातं. आणि हो-नाहीचा प्रश्न असला तर ‘इफ’ किंवा ‘वेदर’ घालायचा. आम्ही सध्या तेवढंच घेतलंय. सायन्स सोडायचा विषय घरात बंद आहे, पण फिजिक्सच्या पुस्तकातली लांब वाक्यं तिला जड जातात म्हणते. पुढच्या वेळी ते पुस्तक घेऊन ये म्हटलं आहे.