भुतांची फौज उभी करताय? आधी दहाच भुतं रंगवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "वॉरहॅमर एज ऑफ सिग्मार या खेळातल्या नाइटहॉण्ट नावाच्या भुतांच्या फौजेचे फोटो पाहिले आणि वेडच लागलं. याआधी मिनिएचरचा, म्हणजे छोटी मॉडेल रंगवून टेबलावर खेळायचा, एकही खेळ खेळलेलो नाही, ब्रश तर शाळा सुटल्यापासून हातात धरलेला नाही. नवख्याने थेट हीच फौज घेतली तर झेपेल का? सुरुवात कुठून करू?"

झेपेल. रंगवायला इतकी सोपी फौज या खेळात शोधून सापडायची नाही. जोडायला ती थोडी नाजूक आहे आणि खेळायला फसवी. फसवी कशी ते पुढे सांगतो, कारण माझे पहिले सहा-सात खेळ त्या एका गैरसमजापायी गेले.

आधी ही भुतं कोण ते सांगतो. म्हणाल, गोष्टीचं काय एवढं? पण या फौजेत गोष्ट कळली की रंग आपोआप सुचतात. मृत्यूच्या प्रदेशाचा, शायिशचा, मालक नागाश. त्याच्या तावडीत सापडलेल्या आत्म्यांना तो शिक्षा देतो आणि ती शिक्षा ज्याच्या त्याच्या आयुष्याला साजेशी, म्हणजे मुद्दाम झोंबेल अशी असते. चेनरास्प म्हणजे साखळदंडातले कैदी, मेल्यावरही बेड्या सुटलेल्या नाहीत. लॉर्ड एक्झिक्यूशनर हा जल्लाद, ज्यांची मुंडकी उडवली त्यांच्याच कवट्या त्याच्याभोवती घोंघावतात. ड्रेडसाइथ हॅरिडन यांच्या हातांच्या जागी पातीच आहेत. आणि सगळ्यांच्या वर लेडी ओलिंडर: जिवंतपणी दुःखाचं सोंग केलं म्हणून आता सगळ्या मेलेल्यांचं दुःख तिच्या माथी. नागाशचा न्याय अन्यायाहून वाईट, पण मॉडेल बनवणाऱ्यांना त्यातून काय एकेक कल्पना सुचल्यात!

ही फौज स्वतंत्रपणे उभी राहिली ती 2018 मध्ये, खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर. सोल वॉर्स नावाच्या पेटीत एका बाजूला स्टॉर्मकास्ट हे चिलखती योद्धे आणि दुसऱ्या बाजूला ही मंडळी होती. त्याआधीच्या जुन्या वॉरहॅमरमध्ये भुतं व्हॅम्पायरांच्या फौजेत पाहुण्यासारखी यायची आणि त्यांना फक्त जादूच्या शस्त्राने किंवा मंत्रानेच मारता यायचं. समोरच्याकडे जादू नसेल तर तो नुसता बघत बसायचा. तो नियम गेला ते बरंच झालं.

आता जोडकाम. बहुतेक भुतांना पाय नाहीत. फाटक्या झग्याचं टोक बेसवरच्या (मॉडेलखालच्या चकतीवरच्या) एखाद्या थडग्याला किंवा दगडाला जेमतेम टेकलेलं असतं आणि अख्खं मॉडेल त्या एका टोकावर तोललेलं. दिसायला झकास, पण स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग ज्यात येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, काढताना तेच टोक पहिलं मोडतं. निपर (भाग कापायची छोटी पक्कड) झग्याला अगदी चिकटवून चालवू नका. थोडा दांडा राहू द्या, मग उरलेलं सुरीने हळूहळू तासा. मी पहिल्याच संध्याकाळी तीन झगे छाटले. त्यातला एक चेनरास्प आजही इतरांपेक्षा बुटका आहे. प्लॅस्टिकचा सिमेंट वापरा, सुपरग्लू नको. सिमेंट प्लॅस्टिक वितळवून सांधा एकजीव करतो, सुपरग्लूचा सांधा धक्का बसला की कटकन सुटतो. आणि बेसखाली छोटे चुंबक लावून मॉडेल पत्र्याच्या डब्यात उभी न्या. फोमच्या खाचेत कोंबलेली भुतं बाहेर येताना भाला-कोयता आतच ठेवून येतात.

रंगकाम ही या फौजेची खरी मेजवानी. माणूस रंगवायचा म्हणजे कातडी, डोळे, पट्टे, बकला. भुताला त्यातलं काहीच नाही. कापड, थोडं गंजकं लोखंड, क्वचित एखादी कवटी, संपलं. माझी पद्धत अशी. मॉडेलला आधी काळ्या प्रायमरचा (रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थराचा) फवारा. तो वाळला की फक्त वरच्या बाजूने, तिरका, पांढऱ्याचा हलका फवारा. घड्यांच्या आत काळं राहतं, उंचवट्यांवर पांढरं बसतं आणि सावली-उजेडाचं निम्मं काम तिथेच होतं. त्यावर पातळ पारदर्शक रंग. सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने 2018 मध्ये खास याच फौजेसाठी दोन रंग काढले, नाइटहॉण्ट ग्लूम आणि हेक्सरेथ फ्लेम. पहिला निळसर-हिरवा, दुसरा भडक हिरवा. कुठलाही कॉन्ट्रास्ट रंग (एकाच थरात सावली-उजेड देणारा) त्याच्या मीडियममध्ये, म्हणजे पातळ करायच्या द्रवात, पातळ करूनही चालतो.

इथे एक गोष्ट अगदी जवळून सांगतो, कारण सगळे तिथेच घसरतात. पातळ रंग लावला की तो खाली वाहतो आणि झग्याच्या टोकाशी थेंब होऊन लटकतो. वाळल्यावर तिथे गडद चिकट डाग दिसतो, भूत शेवाळलेल्या पाण्यातून काढल्यासारखं. म्हणून रंग लावल्यावर मॉडेल खाली ठेवू नका. मिनिटभर हातात धरा, ब्रश टिश्यूवर पुसून कोरडा करा आणि त्या टोकाला नुसता टेकवा. ब्रश थेंब शोषून घेतो. दोनदा केलंत की हाताला सवय होते. दहा चेनरास्प म्हणजे दहा थेंब, बस्स.

मग खरी गंमत. हेल्मेट, साखळ्या, हत्यारं यांवर आधी गडद तपकिरी, वर थोडा नारिंगी गंज ठिपक्या-ठिपक्यांनी. थंड निळ्या-हिरव्या अंगावर गंजाचा गरम रंग इतका उठून दिसतो की टेबलापलीकडून लोक विचारतात. शेवटी झग्याच्या कडांवर पांढऱ्याचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश हलकेच घासायचा. उलटा खेळही करता येतो: झग्याचं टोक सर्वांत उजळ ठेवायचं आणि डोक्याकडे जाताना अंधार वाढवत न्यायचा, म्हणजे भूत जमिनीतून धुरासारखं वर येतंय असं वाटतं. वेळ थोडा जास्त लागतो. वार्निश मात्र दमट हवेत फवारू नका, पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. भुतांवर ते खपूनही जाईल म्हणा, पण हत्यारांवर नाही.

आता खेळ आणि तो गैरसमज. भुतांच्या अंगातून तलवार आरपार जाते, तेव्हा ही फौज चिवट असणार, मधल्या ऑब्जेक्टिव्हवर (ताब्यात ठेवायच्या जागेवर) नेऊन उभी केली की हलणार नाही, असं मला वाटायचं. तसं नाही. त्यांचा नियम असा आहे की सेव्ह रोल, म्हणजे जखम अडवण्यासाठी टाकायचा फासा, कशानेच बदलत नाही. समोरच्या शस्त्राचा रेंड (सेव्ह बिघडवण्याची ताकद) लागू होत नाही, पण आपल्याला मिळणारा फायदाही लागू होत नाही.

आकड्यांत बघा. समजा 4+ सेव्ह (फाशावर 4 किंवा जास्त पडलं की जखम अडते) असलेल्या युनिटवर, म्हणजे एकत्र लढणाऱ्या तुकडीवर, 12 जखमा आल्या आणि शस्त्राचा रेंड 2 आहे. साध्या युनिटचा सेव्ह 6+ होतो, सरासरी 2 जखमा अडतात आणि 10 आत येतात. भुतांचा 4+ तसाच राहतो, 6 अडतात. वा! आता त्याच 12 जखमा रेंड नसलेल्या गावठी भाल्यांच्या धरा. साधं युनिट बचावाचा हुकूम देऊन 3+ वर जातं आणि 8 अडवतं. भुतं पुन्हा 6 वरच. म्हणजे महागड्या, जडशीळ शस्त्रांसमोर भुतं भारी, पण शंभर उंदीर-सैनिकांच्या झुंडीसमोर बिचारी. सेव्हला बगल देणाऱ्या मॉर्टल जखमांसमोर तर आणखी बिचारी. म्हणून तुमची भुतं कोणावर सोडायची हे तुम्ही ठरवायचं, समोरच्याला ठरवू द्यायचं नाही. त्याच्या मोठ्या राक्षसावर, चिलखती सरदारावर जा. त्याच्या गर्दीला चुकवा. ही फौज उडते, भिंती-झाडांवरून सरळ जाते, तेव्हा चुकवणं अवघड नाही.

दुसरी गोष्ट चार्जची, म्हणजे शत्रूच्या अंगावर धावून जाण्याची. भुतांचे बरेच फायदे ज्या फेरीत अंगावर जाल त्या फेरीत मिळतात. 2018 च्या पुस्तकात तर चार्जच्या दोन फाशांची बेरीज 10 किंवा जास्त आली की युनिट तिथल्या तिथे लढून घ्यायचं. आवृत्तीगणिक तपशील बदलले, स्वभाव तोच राहिला. त्यामुळे नवखा काय करतो? राखीव युनिट शत्रूपासून 9 इंचांबाहेर उतरवतो आणि लगेच चार्ज मारतो. दोन फाशांवर 9 किंवा जास्त पडण्याच्या शक्यता 36 पैकी 10, म्हणजे जेमतेम 28 टक्के. चारातल्या तीन वेळा तुमची सुंदर रंगवलेली भुतं उघड्यावर उभी राहून मार खाणार. हेच 7 लागत असतील तर 36 पैकी 21, निम्म्याहून जास्त. एक फेरी थांबा, जवळ या, मग झेपावा. मला हे कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी खरं तर आणखी वीस भुतं रंगवली असती.

घ्यायचं काय? चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे 2024 पासून, स्पिअरहेड नावाचा छोटा खेळ आहे. एका पेटीतली फौज, 30 बाय 22 इंचांचं मैदान, 4 फेऱ्या. यादी बनवण्याची कटकट नाही. तिथूनच सुरू करा. मोठा खेळ 2000 पॉइंटचा (प्रत्येक युनिटची किंमत पॉइंटांत मोजतात), 60 बाय 44 इंचांच्या टेबलावर 5 फेऱ्यांचा. त्याची घाई नको. मूळ नियम खेळाची कंपनी गेम्स वर्कशॉप फुकट डाउनलोडला देते, ते आधी वाचा.

सुटी खरेदी करणार असाल तर चेनरास्प वीस, मारणारं एखादं युनिट (ब्लेडगाइस्ट किंवा ग्रिमगास्ट रीपर, जे डोळ्यांत भरेल ते), तीन स्पिरिट होस्ट आणि कंदीलवाला गार्डियन ऑफ सोल्स. हा कंदीलवाला मेलेली मॉडेल परत आणायला मदत करतो, म्हणून तो चेनरास्पच्या मागे, पण शत्रूच्या टप्प्याबाहेर ठेवायचा. समोरचा खेळाडू जादूवर फार भिस्त ठेवत असेल तर मायर्मोर्न बॅन्शी घ्या, त्या मंत्र गिळतात. मंत्र हाणून पाडल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

मात्र हे सगळं एकदम आणू नका. दहा चेनरास्प जोडा, रंगवा, टेबलावर ठेवून आठवडाभर बघा. जमलं, आवडलं, तर पुढचे दहा. नाही जमलं तर पातळ रंगाखालचं पांढरं अजून आहेच, पुन्हा एक हात मारता येतो. या फौजेत चूक लपते, कारण भूत थोडं डागाळलेलं असलं तरी कोणी नाव ठेवत नाही.

आणि हो, ती काळी बग्गी, ब्लॅक कोच, जिचा फोटो पाहून बहुधा तुम्हीही वेडे झालात. मीही सगळ्यात आधी तीच आणली होती. चार वर्षं झाली, चाकं तेवढी जोडून झालीत.