मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष किती स्त्रिया झाल्या? त्यात पुण्याच्या कोणी आहेत का?

२०२५च्या दिल्लीतल्या ९८व्या संमेलनापर्यंत फक्त सहा, आणि हो, पुण्याशी नातं असलेल्याही आहेत. अध्यक्षांच्या यादीवरून सांगतो: कुसुमावती देशपांडे (ग्वाल्हेर, १९६१), दुर्गा भागवत (कऱ्हाड, १९७५), शांता शेळके (आळंदी, १९९६), विजया राजाध्यक्ष (इंदूर), अरुणा ढेरे (यवतमाळ, २०१९), तारा भवाळकर (दिल्ली). शांताबाईंचा जन्म पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा, अरुणाताई तर पुण्याच्याच. पहिलं संमेलन १८७८ साली पुण्यातच भरलं, तरी पहिली स्त्री अध्यक्ष व्हायला ८३ वर्षं लागली, याचं फार वाईट वाटतं. मात्र ही यादी फक्त अखिल भारतीय संमेलनाची आहे; विभागीय, दलित, ग्रामीण संमेलनांच्या याद्या वेगळ्या.