महापौरांचा मान, आयुक्तांची सही: मुंबई महापालिकेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: फिरोजशहा मेहता मुंबईचे महापौर होते, असे एका स्मरणिकेत छापले आहे. महापौरांच्या यादीत मात्र त्यांचे नाव सापडत नाही. चूक कुठे?

उत्तर: स्मरणिकेत. मेहता १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा महापालिकेचे अध्यक्ष होते. तेव्हा महापौर हे पदच नव्हते. अध्यक्षपदाला ते नाव मिळाले १९३१ मध्ये, आणि पहिले महापौर झाले जे. बी. बोमन-बेहराम. त्याआधीच्या कोनशिलेवर कुणी ‘महापौर’ वाचले असेल, तर ती पाटी नंतर बसवलेली समजावी.

जुन्या याद्या चाळताना आणखी एक घोळ होतो. महापौरांची मुदत तेव्हा एकच वर्षाची होती आणि ती एप्रिल ते मार्च अशी धरली जाई. त्यामुळे युसूफ मेहेरअलींसारखे नाव एका यादीत १९४२ समोर, तर दुसरीत १९४२-४३ समोर दिसते. स्मरणिका छापणाऱ्यांनी नेहमी जोडवर्ष द्यावे, म्हणजे पुढचा-मागचा महापौर एकाच सालात येऊन धडकत नाही.

प्रश्न: एवढ्या मोठ्या शहराचा पहिला नागरिक, आणि साध्या कंत्राटावरही त्याची सही चालत नाही. असे का?

उत्तर: याचे मूळ १८६५ च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने कारभार आयुक्ताच्या हाती दिला आणि आर्थर क्रॉफर्ड पहिले आयुक्त झाले. त्यांनी मंडई उभारली, रस्ते आणि गटारे हाती घेतली, आणि खर्च हाताबाहेर गेला. १८७१ मध्ये करदाते खवळले. सगळा कारभार लोकनियुक्त मंडळाकडे द्या, अशी मागणी पुढे आली. गंमत अशी, की तरुण फिरोजशहांनी त्याला विरोध केला. काम करणारा अधिकारी एकच असावा, म्हणजे जाब कुणाला विचारायचा ते ठरते. त्याच्यावर वचक मात्र निवडून आलेल्या सभागृहाचा हवा, हे त्यांचे म्हणणे.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली. त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) मंडळींनी, आणि १६ सरकारने नेमायचे. प्रौढ मताधिकारावरची निवडणूक व्हायला १९४८ उजाडले. १८८८ चा कायदा आजही, अनेक दुरुस्त्यांसह, लागू आहे. त्याच्या कलम ६४ प्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. १९३१ मध्ये पाटी बदलली, कलम ६४ तिथेच राहिले.

१९९८ मध्ये ‘मेयर-इन-काउन्सिल’ आणून कार्यकारी अधिकार महापौर आणि त्यांच्या परिषदेकडे देऊन पाहिले. १९९९ मध्येच तो प्रयोग गुंडाळला गेला. कोलकात्यात मात्र तीच पद्धत रुजली. आमच्या मते मुंबईत तिला पुरेसा वेळच मिळाला नाही.

प्रश्न: मग महापौर नेमके करतात काय?

उत्तर: सभागृह चालवतात, आणि हे काम वाटते तितके शोभेचे नाही. कुणाला बोलू द्यायचे, हरकतीचा मुद्दा मान्य करायचा की फेटाळायचा, सभा तहकूब कधी करायची, हे सारे त्यांच्या हाती. मते समसमान पडली तर निर्णायक मत त्यांचे. आयुक्तांचा प्रस्ताव सभागृहाने ‘दफ्तरी दाखल’ केला की तो तिथेच थांबतो. उलट बाजूने, सभागृहाचा ठराव राज्य सरकार विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते, हेही ध्यानात ठेवावे. पैशाच्या दोऱ्या बहुतांशी स्थायी समितीकडे असतात. म्हणून मुरलेले नगरसेवक महापौरपदापेक्षा तिच्या अध्यक्षपदावर डोळा ठेवून असतात.

प्रश्न: महापौरांची निवडणूक कशी होते?

उत्तर: आधी राज्याचा नगरविकास विभाग आरक्षणाची सोडत काढतो, म्हणजे पद कोणत्या प्रवर्गाला ते चिठ्ठीने ठरते. मुदत आता अडीच वर्षांची. उमेदवारी अर्ज महापालिका चिटणिसांकडे द्यायचा. सभेत आधी माघारीला वेळ देतात, मग नगरसेवक हात वर करून मतदान करतात. बरोबरी झाली तर चिठ्ठी. पेच पडतो तो सोडतीने: बहुमत एका पक्षाचे, पण आरक्षित प्रवर्गातला नगरसेवक त्या पक्षात एकही नाही, असे होऊ शकते. उमेदवारी वाटतानाच सगळ्या प्रवर्गांचा विचार केलेला बरा.

प्रश्न: नगरपाल म्हणजे महापौरच ना?

उत्तर: नाही. नगरपाल म्हणजे शेरीफ. सरकार एका वर्षासाठी नेमते. पद मानाचे आणि राजकारणाबाहेरचे. त्याला निवडणूक नाही, सभागृह नाही.

प्रश्न: मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हा महापौरांचे काम कुणाकडे गेले?

उत्तर: प्रशासकाकडे. नगरसेवकांची मुदत संपली की महापौरपदही संपते आणि सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे जातात. तेव्हा प्रशासक म्हणून नेमले गेले ते आयुक्तच. म्हणजे प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच.